चाळिशीत बुद्धिबळ सुधारतं का? आठवड्याचे सहा तास नेमके कशावर घालवावेत?

उशिराचं_प्यादं (धागाकर्ता)

लहानपणी स्पर्धा न खेळलेले, नोकरी-संसार सांभाळून तिशी-चाळिशीत क्लबात यायला लागलेले बरेच जण इथे असतील. फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १५०० ते १६५० च्या मधे कुठेतरी अडकलेलं. वेळ म्हणाल तर रोज संध्याकाळी पाऊण तास आणि रविवारी दीड तास. म्हणजे आठवड्याला सहा तास, तेही ओढूनताणून.

पझल्स (कोडी) करा, एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) करा, ब्लिट्झ (झटपट डाव) कमी करा, हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. तो नको. मला प्रमाण हवंय. किती मिनिटं कशाला, वहीत लिहायचं काय, आणि सुधारणा होतेय हे ओळखायचं कसं?

सुरुवात म्हणून माझं मत मांडतो: निम्मा वेळ ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांना द्यावा. समोरची दहा-बारा वर्षांची मुलं पंधरा खेळ्या तयार करून येतात. दर खेळीला वाढीव सेकंद मिळतात, त्यामुळे दहाव्या खेळीला त्यांच्या घड्याळात सुरुवातीपेक्षा जास्त वेळ असतो आणि आपली वीस मिनिटं गेलेली असतात.

अडीचघर

असहमत. नमनालाच घडाभर तेल.

वीस मिनिटं मागे पडणं आणि डाव हरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरलेल्या शेवटच्या दहा डावांच्या स्कोअरशीट (खेळ्या लिहायचे कागद) काढा आणि प्रत्येकीवर एकच खूण करा: डाव नक्की कुठल्या खेळीला फिरला? खूण बाराव्या खेळीच्या आत पडत असेल तर तुमचं म्हणणं मान्य. पंचविसाव्याच्या आसपास पडत असेल तर तीन तास ओपनिंग करून हाती काही लागणार नाही.

दुसरं, प्रत्येक खेळीपुढे आपल्या घड्याळातला उरलेला वेळ लिहायची सवय लावा. नियमात बसतं, स्कोअरशीटवर वेळ लिहिता येतो. घरी आल्यावर त्या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात: आठ-दहा मिनिटं कुठे घालवली, आणि चूक झाली ती खेळी किती सेकंदांत केली. घोडं बहुतेक दुसऱ्या ठिकाणी पेंड खातं. मोठी चूक लांब विचार केलेल्या खेळीत कमी असते. त्याच्या पुढच्या, 'आता ठरलंच आहे' म्हणून झटकन केलेल्या खेळीत ती जास्त सापडते.

मातदोनखेळीत

आमच्या क्लबात दहाव्या खेळीला वेळ जास्त असलेला मुलगा खुर्चीवर बसतच नाही. खेळी करतो, घड्याळ दाबतो, बाहेर जाऊन वेफर्स खातो, येतो, खेळी करतो. आपण त्याच्या रिकाम्या खुर्चीशी लढतोय.

हत्ती_सातव्या_पट्टीत

अडीचघर यांना +१. वेळेचं गणित मांडून ठेवतो. ९०+३० (९० मिनिटं आणि दर खेळीला ३० सेकंद) मध्ये ४० खेळ्यांना २० मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे एकूण ११० मिनिटं, खेळीमागे पावणेतीन मिनिटं. ६०+३० मध्ये ८० मिनिटं, खेळीमागे दोन. आता खेळी ठरल्यावर हात उचलण्याआधी फक्त पंधरा सेकंदांची तपासणी ठेवली तर ४० खेळ्यांना दहा मिनिटं जातात. दोन्ही प्रकारांत परवडतं.

तपासणी म्हणजे एवढंच: ही खेळी पटावर झाली आहे असं धरा आणि समोरच्याच्या बाजूने बघा. त्याचे सगळे शह, मग त्याला मारता येण्यासारखं सगळं, मग त्याच्या धमक्या. क्रम हाच. शह मूर्खपणाचा वाटला तरी बघायचा. मोठ्या वयात शिकलेल्यांचा घोळ इथे होतो. आपण स्वतःच्या कल्पनेवर पाच मिनिटं घालवतो, ती आवडते, आणि तपासणी करताना पुन्हा तीच कल्पना बघतो. बाजू बदलत नाही.

नियमावली

एक सावधगिरी. जुने खेळाडू 'खेळी आधी कागदावर लिहा, मग पुन्हा बघा, मग खेळा' असं शिकवतात. आता चालत नाही. खेळी करायच्या आधी लिहायला परवानगी फक्त बरोबरीचा दावा करताना आहे. पंच ताकीद देतात. त्यामुळे तपासणी डोक्यातच करा. हात मांडीखाली ठेवा हवं तर.

विषय निघालाच आहे तर क्लबातल्या मोठ्या माणसांचे डाव ज्यावरून जातात ते चार नियम:

कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र खेळी) करताना आधी राजा, आणि एकाच हाताने. आधी हत्तीला हात लावून मग राजाला लावला तर त्या खेळीला त्या बाजूचं कॅसलिंग गेलं.

प्यादं शेवटच्या पट्टीवर गेलं आणि वजीर हाताशी नसेल तर उलटा हत्ती ठेवू नका. घरी तो वजीर असतो, स्पर्धेत तो हत्तीच धरतात. घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागायचा हक्क आहे.

आपल्या खेळीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि बरोबरी मागायची असेल तर खेळी लिहा, खेळू नका, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. सोंगटीला हात लागला की त्या खेळीपुरता दावा गेला.

क्लासिकल (लांब वेळेच्या) डावात पहिल्या नियमबाह्य खेळीला समोरच्याला दोन मिनिटं मिळतात, दुसरीला डाव जातो. खेळी न करता नुसतं घड्याळ दाबणं हीसुद्धा नियमबाह्य खेळीच धरतात.

तिरका_उंट

उलटा हत्ती! निम्मा महाराष्ट्र यात सापडेल.

प्याद्यांची_रांग

वहीत काय लिहायचं, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. पाच रकाने पुरतात: खेळी क्रमांक, घड्याळात उरलेला वेळ, काय खेळलो, काय खेळायला हवं होतं, आणि चुकीचा प्रकार. प्रकार चारच ठेवा.

'दिसलंच नाही': समोरच्याचं उत्तर डोळ्यांसमोर आलंच नाही.
'दिसलं, चुकीचं जोखलं': उत्तर पाहिलं होतं, पण शेवटच्या स्थितीत आपण बरे आहोत असं वाटलं.
'माहीत नव्हतं': ओपनिंगची ओळ किंवा ठरावीक एंडगेम.
'वेळ नव्हता': घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरलेले.

वीस डावांनंतर बेरीज करा. 'दिसलंच नाही' सर्वात जास्त असेल तर पझल्स आणि वरची तपासणी. 'चुकीचं जोखलं' जास्त असेल तर पझल्सचा फार उपयोग नाही, आपल्याच डावांचं विश्लेषण वाढवा. 'माहीत नव्हतं' वर आलं तरच ओपनिंग-एंडगेमला जादा तास. 'वेळ नव्हता' हा प्रकार फसवा आहे. त्यातली प्रत्येक नोंद मागे नेऊन वेळ कुठल्या खेळीला गेला ते शोधा, मग ती त्या खेळीच्या खात्यावर टाका.

इंजिन (डाव तपासणारा संगणक-प्रोग्रॅम) लगेच लावू नका. आधी अर्धा-पाऊण तास स्वतः, डावात मनात आलेल्या ओळी लिहून काढा, ज्या खेळल्या नाहीत त्यासुद्धा. त्या एका दिवसात विसरतात, म्हणून डाव झाल्या रात्रीच लिहा. नंतर स्टॉकफिश हे इंजिन लावून फक्त जिथे मूल्यांकन एक-दीड प्याद्याने उडी मारतं त्या जागा बघा. ०.३ चा फरक आपल्या पातळीवर कचरा आहे. एकाऐवजी तीन ओळी दिसतील असं ठेवा. पहिल्या तिन्ही खेळ्या जवळजवळ सारख्या असतील तर 'चुकलो' म्हणून हळहळण्यात अर्थ नाही.

उशिराचं_प्यादं

चार प्रकार आवडले. पण दहाव्या खेळीला वीस मिनिटं मागे असणं हेच पुढच्या 'वेळ नव्हता'चं मूळ आहे, असं तुमच्याच नियमाने सिद्ध होतंय की! ओपनिंगच्या खात्यावर टाका.

कारोकानप्रेमी

धागाकर्त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं. ओपनिंगला निम्मा वेळ जास्त झाला, पण 'ओपनिंग पाठ करू नका' हा सल्ला लोक 'ओपनिंग बघूच नका' असा घेतात. मग पुढचं होतं (घराचं नाव म्हणजे उभ्या पट्टीचं अक्षर आणि आडव्या पट्टीचा आकडा; नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची खेळी): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, प्याद्याने डी५ वर मारलं, आणि काळा सरळ घोड्याने परत मारतो. मग पांढरा घोडा एफ७ चं प्यादं मारतो, राजाला तो घ्यावा लागतो, पांढरा वजीर एफ३ वरून शह देतो आणि डी५ चा घोडा वाचवायला राजा ई६ वर, पटाच्या मधोमध. मुलांना हे आठव्या वर्षी शिकवतात. त्याऐवजी काळ्याने सी६ चा घोडा ए५ ला न्यायचा, बी५ वर उंटाचा शह आला की सी६, एक प्यादं द्यायचं आणि सोंगट्या भराभर बाहेर काढायच्या. एवढं माहीत असणं म्हणजे पाठांतर नव्हे.

माझी पद्धत खर्चाला कमी आहे. पांढऱ्याने एक ओपनिंग, काळ्याने ई४ विरुद्ध एक, डी४ विरुद्ध एक. लायचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची एक स्टडी (खेळ्या साठवायची ऑनलाइन वही). प्रत्येक डावानंतर बघायचं, माझी ओळ कुठे संपली? तिथे एकच खेळी जोडायची आणि ती का, हे मराठीत एका वाक्यात लिहायचं. 'लंडन ओपनिंग: पांढऱ्याचा उंट सी१ सोडून गेला, बी२ उघडं पडलं, म्हणून सी५ आणि वजीर बी६.' बस. तयार फाइल विकत घेऊन चारशे ओळी भरल्या तर त्यातल्या तीनशे ऐंशी कधीच पटावर येत नाहीत.

अडीचघर

हे मान्य. डावागणिक एक खेळी. पण मग त्याला तीन तास लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात.

गणितमास्तर

रेटिंगचं गणित कोणी मांडलं नाही, म्हणून मांडतो. निराशा बरीचशी तिथून येते.

तुम्ही १६००, समोरचा मुलगा १४५०. रेटिंगच्या फरकावरून तुमच्याकडून अपेक्षित गुण ०.७० (विजय १, बरोबरी अर्धा). मोठ्या माणसाचा के, म्हणजे रेटिंग किती हलतं तो गुणक, २०. जिंकलात तर +६, बरोबरी −४, हरलात तर −१४. त्या मुलाचा के १८ वर्षांचा होईपर्यंत ४० असतो (२३०० च्या खाली), म्हणून तो +२८ घेऊन जातो. तो रोज सराव करतो, त्याची खरी ताकद कागदावरच्या १४५० पेक्षा बरीच वर असू शकते, आणि रेटिंग तिला गाठेपर्यंत वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला १४ चा फटका बसतो.

रेटिंगचे १०० गुण चढायचे तर के २० ने डावांचे अपेक्षेपेक्षा ५ गुण जास्त हवेत. नऊ फेऱ्यांच्या पाच स्पर्धा म्हणजे ४५ डाव. अपेक्षा ५० टक्क्यांची असेल तर ६१ टक्के काढायचे. म्हणून सहा महिन्यांत रेटिंगवरून सुधारणा मोजू नका, त्यात मुलांच्या रेटिंगचा गोंधळ मिसळलेला असतो. डावागणिक 'दिसलंच नाही'च्या नोंदी मोजा.

एक पळवाट आहे. 'बिलो १८००' (फक्त १८०० च्या खालच्यांच्या) स्पर्धा सोडून ओपन (सगळ्यांना खुल्या) खेळा. ४०० पेक्षा जास्त फरक असला तरी ४०० च धरतात, अपेक्षित ०.०८. तिथे एक बरोबरी +८.४ देते आणि हरण्याचे फक्त १.६ जातात.

मातदोनखेळीत

मास्तर, सगळ्यात सोपी सुधारणा विसरलात. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्यांना २००० पर्यंतच्या फरकाचे ४० टक्के वाढवून दिले. १२५० वाले एका रात्रीत १५५०. पझल्सशिवाय.

गणितमास्तर

आणि १४०० च्या खाली रेटिंगच बंद. त्यामुळे आता घसरायलाही जागा कमी.

सदाशिवराव_६४

मुलांच्या तयारीला घाबरून ओपनिंगच्या मागे लागू नका हे सांगायला जुनं उदाहरण आहे. ब्रिटिश काळातला हिंदुस्थानी खेळाडू मीर सुलतान खान देशी पद्धतीने वाढला. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जातं, कॅसलिंग नाही, राजा एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो, आणि प्यादं ज्या घरात पोचेल तिथली सोंगटी होतं. पाश्चात्त्य नियम तो विशीत शिकला. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ ला ब्रिटिश अजिंक्यपद, आणि इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकावर विजय. ओपनिंग कच्चं, एंडगेम भक्कम. फिडेने २०२४ मध्ये मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

अवांतर: गावाकडे आजोबांकडून शिकलेल्यांमध्ये देशी नियमांचे अवशेष अजून असतात. एन पासंट (दोन घरं पुढे गेलेलं प्यादं वाटेत मारणं) केलं की पंचांना बोलावतात.

तिरका_उंट

काका, सुलतान खान हे अपवादाचं उदाहरण आहे, त्याच्यावरून सोमवार ते शनिवार पाऊण तासाचं वेळापत्रक निघत नाही. :)

हत्ती_सातव्या_पट्टीत

एंडगेम भक्कम हा मुद्दा मात्र घेण्यासारखा. नोकरदाराला सगळं लागत नाही. राजा-प्यादं आणि हत्ती-प्यादं एवढं पक्कं करा.

राजा-प्याद्यात पाठांतर कमी, समज जास्त. पांढरं प्यादं ई४ वर असेल तर पांढऱ्या राजाला डी६, ई६, एफ६ यांपैकी एक घर मिळालं की प्यादं वजीर होतं, खेळी कोणाचीही असो. प्यादं ई५ ला असेल तर सहाव्या आणि सातव्या पट्टीतली अशी सहा घरं. कडेच्या ए प्याद्याला फक्त बी७ आणि बी८. लोक 'अपोझिशन' (राजे समोरासमोर येणं) हा शब्द पाठ करतात आणि प्यादं राजाच्या पुढे ढकलतात. राजा पुढे, प्यादं मागे.

हत्तीच्या एंडगेममध्ये दोन स्थिती पटावर मांडून बोटांत बसवा.

बचाव: काळा राजा ई८, काळा हत्ती ए६. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. काळ्याने हत्ती सहाव्या पट्टीवरच डावीउजवीकडे हलवत राहायचा, पांढऱ्या राजाला त्या पट्टीवर येऊ द्यायचं नाही. प्यादं ई६ ला आलं की लगेच हत्ती ए१ ला नेऊन मागून शह. आता राजाला आडोसा नाही. चूक कुठे होते? प्यादं ई५ ला असतानाच लोक घाईने हत्ती मागे नेतात. मग पांढरा राजा ई६ ला येतो, त्याच्यामागे स्वतःचंच प्यादं असल्याने ई च्या उभ्या पट्टीवरून मागचा शह लागत नाही, आणि हत्तीने एच८ वर मात करायची धमकी.

विजय: पांढरा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१. काळा राजा जी७, हत्ती सी२. हत्ती एफ४! मग राजा ई७, डी६, ई६, डी५ असा शह चुकवत खाली येतो आणि डी१ वरून शह आला की हत्ती डी४ ला आडवा. एफ४ ही खेळी आधी का, हे समजलं नाही तर स्पर्धेत आठवणार नाही. तो चौथ्या पट्टीतला हत्ती शेवटच्या शहाला आडवा घालण्यासाठीच आहे.

दोन्ही बाजूंनी इंजिनाविरुद्ध पाच-पाच वेळा खेळा. वाचून हे बसत नाही.

झेंडापडला

पझल्सचं काय? रोज पन्नास करणारे आहेत क्लबात, रेटिंग जागचं हलत नाही.

प्याद्यांची_रांग

पन्नास म्हणजे अंदाज चाललाय. वीस मिनिटांत सहा-आठ पुष्कळ झाली. समोरच्याच्या सगळ्यात चांगल्या उत्तरासकट पूर्ण ओळ दिसेपर्यंत पहिली खेळी करायची नाही. शंभरात पंच्याऐंशीच्या वर बरोबर यायला हवीत, खाली गेली तर पातळी उतरवा. विषयवार संच ('पिन', 'फोर्क') नवीन कल्पना शिकताना ठीक, पण मथळाच उत्तर सांगतो. सरावाला मिश्र संच. चुकलेली बाजूला ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा. आणि पझल रेटिंग २१०० म्हणून खूश होऊ नका, डावात 'इथे काहीतरी आहे' असं कोणी कानात सांगत नाही.

कारोकानप्रेमी

तर मग वेळापत्रक मांडून टाकू, मूळ प्रश्न तोच होता.

चार संध्याकाळी: २० मिनिटं पझल्स, २५ मिनिटं वहीतल्या एकाच जागेचं विश्लेषण. दोन संध्याकाळी १५+१० चा एक ऑनलाइन डाव. ४० खेळ्यांना दोन्ही बाजू मिळून साधारण ४३ मिनिटं, पाऊण तासात चपखल. रविवारी ५० मिनिटं एका डावावर इंजिनाशिवाय, १५ इंजिनासह, १० ओपनिंग स्टडीत खेळी जोडायला, १५ एंडगेम. स्पर्धेआधी दोन आठवडे दोन संध्याकाळची पझल्स काढून तिथे ओपनिंगची उजळणी.

उशिराचं_प्यादं

मी तीन तास म्हणालो, तुम्ही दहा मिनिटांवर आणलंत! निदान अर्धा तास करा. एंडगेम आलटून पालटून रविवारी ठेवतो, उरलेल्या रविवारी तो वेळ ओपनिंगला. बाकी मान्य, वही आज घेतोय.

पण १५+१० मध्ये वर सांगितलेली पंधरा सेकंदांची तपासणी बसत नाही. खेळीमागे अर्धा मिनिट मिळतं. मग सराव चुकीच्या सवयीचा होणार नाही का?

हत्ती_सातव्या_पट्टीत

रास्त शंका. म्हणून महिन्यातून दोनदा तरी लांब डाव हवा. क्लबात जोडीदार मिळत नसेल तर लायचेसवर ४५+४५ ची लीग चालते, आठवड्याला एक डाव, वेळ समोरच्याशी ठरवायची. ४० खेळ्यांना एका बाजूला ७५ मिनिटं, म्हणजे डाव अडीच तास खातो. त्या आठवड्याचा रविवार त्यालाच द्या, विश्लेषण सोमवार-मंगळवारी.

झेंडापडला

४५+४५ म्हणजे वय अधिक प्रत्येक खेळीला कंबरेची कळ.

नियमावली

तिथे वेळा यूटीसीत लिहितात हे नवीन लोक विसरतात. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडचे १६:००. साडेपाच तास वजा न करता '२१:३०' लिहिलंत तर समोरचा आपल्या पहाटे तीनला तुमची वाट बघत बसेल.

मातदोनखेळीत

पहाटे तीनला खेळलो तर घरचे ती नियमबाह्य खेळी दुसरी धरतात की पहिली?